झोपलेली लिंक

आमच्या घरात एक नियम होता: जेवणाच्या टेबलावर पॅचविषयी बोलायचं नाही. नियम माझा, आणि तो मी लग्नाच्या आधीच घालून ठेवला होता, कारण प्रज्योतची आणि माझी ओळखच पॅचवरून झाली. त्याने पाठवलेला पहिला पॅच मी परत केला, दुसरा परत केला, आणि तिसऱ्याच्या वेळी साऱ्या जगासमोर विचारलं की हे लिहिताना तुझं लक्ष कुठे होतं? त्याने तितक्याच गंभीरपणे उत्तर दिलं की खिडकीबाहेर, आमच्या गल्लीत वरात आली आहे. एवढं खरं बोलणारा माणूस मला आमच्या कामाच्या मेलिंग लिस्टवर पहिल्यांदाच भेटला. पुढे वर्षभराने आमचीच वरात निघाली.

हे काम कसं चालतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. फोन असो, वीजमीटर असो की रुग्णवाहिकेतलं यंत्र असो, त्याच्या पोटात एक गाभ्याचा प्रोग्रॅम असतो. तो कर्नेल. वरचे सगळे प्रोग्रॅम त्याच्याकडे मागणं मागतात आणि तो खालच्या हार्डवेअरशी बोलून ते पुरवतो. आम्ही ज्या कर्नेलवर काम करतो तो कुणा एकाच्या मालकीचा नाही. जगभरातली माणसं त्यात दुरुस्त्या सुचवतात, ते पॅच, आणि त्यांच्यावरची भांडणं त्या मेलिंग लिस्टवर, म्हणजे सगळ्यांना एकदम जाणाऱ्या मेलांवर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होतात. कुणी कोपऱ्यात जाऊन काही ठरवलेलं चालत नाही. पॅचखाली लिहिणाऱ्याचं नाव लागतं, तपासणाऱ्याचं नाव लागतं, आणि ती नावं नंतर कधीही पुसता येत नाहीत.

त्या कर्नेलच्या मॉडेम विभागाची मी मेंटेनर, म्हणजे दारावरची पहारेकरीण म्हणा. आणि प्रज्योत ‘नादरेखा’ नावाच्या मॉडेम बनवणाऱ्या कंपनीत, त्यांचा ड्रायव्हर, म्हणजे मॉडेमला कर्नेलशी बोलायला लावणारा प्रोग्रॅम, लिहिणारा. पहारेकरणीचा नवराच आत यायला बघतो म्हटल्यावर लोक बोलणारच. म्हणून तो नियम. जे बोलायचं ते लिस्टवर, चारचौघांत. घरी फक्त भाजीत मीठ कमी आहे की जास्त एवढंच. आम्ही तो नियम इतका काटेकोर पाळला की मला त्याचा अभिमान वाटायचा. आता त्या अभिमानाची चीड येते.

माझं मोठं काम म्हणजे सामाईक इंटरफेस. घरातला इंटरनेटचा मॉडेम एकच असतो, पण त्यातून लिंका अनेक निघतात. एका लिंकवर घरातले सिनेमा बघतात, दुसरीवर वीजमीटर आपला आकडा पाठवतो, तिसरीवर कुणाचं औषधाचं यंत्र असतं. एका नळाला चार तोट्या असाव्यात तसं. पण प्रत्येक कंपनीची तोटी उघडायची रीत वेगळी. औषधाचं यंत्र बनवणाऱ्याला तेच काम सात कंपन्यांसाठी सात वेळा लिहावं लागायचं, आणि तो कंटाळून दोन कंपन्यांवर थांबायचा. ज्या घरी तिसऱ्या कंपनीचा मॉडेम, त्या घरातल्या आजारी माणसाने काय करायचं? मी म्हटलं, रीत एकच करू. लिंक उघड, लिंक बंद कर, लिंक कशी आहे ते सांग. सरळ तीन हुकूम, कोणत्याही मॉडेमला चालतील असे. या तीन हुकमांवर आम्ही काही वर्षं भांडलो.

सगळ्यात मोठं भांडण तिसऱ्या हुकमावर झालं. मॉडेम तापला की तो स्वतःला वाचवण्यासाठी काही लिंका झोपवतो. माझं म्हणणं, झोपवली तर झोपवली म्हणून सांगितलंच पाहिजे. कंपन्या म्हणाल्या, स्क्रीनवर ‘लिंक झोपली’ दिसलं की गिऱ्हाईक मॉडेम परत आणून देतं. दोन कंपन्या उठून चालत्या झाल्या. शेवटी तडजोड झाली की झोपेची खबर द्यायची की नाही ते ज्या त्या कंपनीने ठरवावं. त्या तडजोडीखाली मी माझं नाव घातलं. गेलेल्या दोन्ही कंपन्या परत आल्या, लिस्टवर अभिनंदनांची रांग लागली, आणि त्या दिवशी प्रज्योत आणि मी बाहेर जाऊन नाकातोंडातून पाणी येईस्तोवर सावजी जेवलो. अर्थात कशाबद्दल जेवतोय ते न बोलता.

नागपूरचा उन्हाळा आता होळीच्या आधीच अंगावर येतो. मे महिन्यात तर दुपारी रहदारी नाही, बाजार नाही, रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. दर वर्षी घरात एकटी राहणारी म्हातारी माणसं पंख्याखाली बसल्या बसल्या जातात आणि शेजाऱ्यांना संध्याकाळी कळतं. यावर एका संस्थेने ‘शीतल’ नावाचा प्रयोग करुणानगरात सुरू केला. करुणानगर म्हणजे उत्तर नागपुरातली दाट वस्ती, भिंतीला भिंत लागलेली घरं, वर पत्रे. तिथल्या अकराशे म्हाताऱ्या माणसांच्या दंडावर एक पातळ पट्टी चिकटवली. अंगाचा ताप धोक्याच्या वर गेला की पट्टी घरातल्या मॉडेममधून हाक मारते, कंट्रोल रूममध्ये त्या घराचा हिरवा ठिपका लाल होतो आणि बर्फ-सलाईनची गाडी निघते. एरवी पट्टी काहीच बोलत नाही. तिला बॅटरी नाही, अंगाच्या उबेवर चालते, त्यामुळे उगाच बडबड तिला परवडत नाही.

सगळे मॉडेम नादरेखाने दिले होते आणि त्यांच्यात माझा इंटरफेस होता. मुख्य कर्नेलमध्ये जाण्याआधीची त्याची ही पहिली खरी परीक्षा. माझ्या सासूबाई, सुगंधाबाई, करुणानगरातच राहतात. आमच्याकडे या म्हटलं तर म्हणतात, तुमच्या फ्लॅटमध्ये बोलायले कोणी नाही. तेव्हा त्यांच्या दंडावरही पट्टी आली. प्रज्योतनेच हौसेने चिकटवली होती.

मे महिन्यातल्या त्या आठवड्यात, मधला एक ढगाळ दिवस सोडला तर, पारा चढतच गेला. आणि प्रज्योत रोज दुपारी ऑफिसातून आईकडे जायला लागला. मला बरं वाटलं. हा तसा पंधरा दिवसांतून एकदा जाणारा मुलगा. मी त्याची थट्टाही केली, ‘‘काय रे, चाळिशी आली म्हणून आई आठवून राहिली का?’’ तो हसला नाही. थकला असेल म्हणून मी सोडून दिलं.

शुक्रवारी दुपारी आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, फोन आला.

‘‘उत्पला, जेवली काय?’’

‘‘जेवले आई. तुम्ही पाणी पिऊन राहिल्या ना?’’

‘‘पिते वं माय. पाणी पिऊन पिऊन पोटाचा माठ झाला. मी कायले फोन केला, प्रज्योतले काही झालं हाय का? भांडले काय तुम्ही दोघं?’’

‘‘नाही हो. का?’’

‘‘आतापण आला हाय. आंगणात बादली भरून राहिला म्हणून तुले फोन केला. रोज येते, तोंडातून शब्द काढत नाही, अन् त्या डब्ब्यावर ओला पंचा टाकते.’’

‘‘कोणत्या डब्ब्यावर?’’

‘‘इंटरनेटचा नाही काय, भिंतीवरचा. पंचा वाळला का पुन्हा भिजवते, पुन्हा टाकते. मी म्हटलं बाबू, घाम मले येऊन राहिला, डब्ब्याले नाही. तर हसला बी नाही.’’

मी मात्र हसले. ‘‘बघते त्याच्याकडे’’ म्हणून फोन ठेवला आणि मग हसू जागीच थांबलं.

मॉडेमवर ओला पंचा कोण टाकतं? मॉडेम तापला तर फार तर इंटरनेट हळू होतं, कुणी बादल्या वाहत नाही. तापलेला मॉडेम काय करतो हे ज्याला नक्की माहीत आहे आणि ज्याला त्याची भीती वाटते, तोच असं करेल. आणि नादरेखाच्या मॉडेमबद्दल नक्की माहीत असलेला माणूस या शहरात एकच होता.

मी ‘शीतल’चा नकाशा उघडला. मेंटेनर म्हणून मला तो बघता यायचा. अकराशे ठिपके, सगळे हिरवे. दोन दिवसांपूर्वी आभाळ आलं होतं, ऊन जरा उतरलं होतं, तरी दिवसभरात आठ-दहा गाड्या गेल्या होत्या. आज बाहेर नुसता जाळ होता आणि एकही गाडी निघाली नव्हती. अकराशे म्हाताऱ्या माणसांपैकी एकालाही आज ताप चढला नाही? मी सगळ्या लिंकांची स्थिती विचारली. माझ्याच इंटरफेसने, माझ्याच शब्दांत उत्तर दिलं की सगळ्या चालू आहेत. 

तोंडाला ओढणी गुंडाळून मी स्कूटर काढली. करुणानगरात पोचेपर्यंत डोळ्यांतलं पाणीसुद्धा वाळलं होतं. आईंच्या घरात अंधार केलेला, कूलर घरघरत होता. आई पाटावर बसून चिंच निवडत होत्या, आणि प्रज्योत भिंतीजवळ उभा, हातात पंचा.

‘‘खाली ठेव तो पंचा,’’ मी म्हटलं, ‘‘आणि बोल.’’

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं की मला कळलं आहे. ‘‘इथे?’’

‘‘इथेच.’’

तो स्टुलावर बसला. बोलायला लागला तेव्हा आवाज अगदी लहान मुलासारखा झाला होता. नादरेखाचा चिप तापला की ज्या लिंकवर बराच वेळ काही बोलणं झालेलं नाही ती आधी झोपवतो. सिनेमाची लिंक सतत बोलत असते, ती जागी राहते. पट्टीची लिंक गप्प असते, ती झोपते. झोपलेल्या लिंकवर पट्टीने कितीही हाका मारल्या तरी मॉडेम त्या गिळून टाकतो. आणि वर विचारलं की सांगतो, लिंक चालू आहे. झोपेची खबर द्यायची नाही असं कंपनीने ठरवलं होतं. तडजोडीत तशी मुभा होतीच.

‘‘कधी कळलं तुला?’’

‘‘उन्हाळा सुरू झाला तेव्हा. लॅबमध्ये मॉडेम भट्टीत ठेवून पाहिला.’’

‘‘आणि लिस्टवर एक अक्षर नाही?’’

‘‘मेल लिहिला आहे, उत्पला. त्याच दिवशी लिहिला. पण आमच्याकडे बाहेर जाणारा प्रत्येक मेल आधी वकिलांकडे जातो. ते रोज म्हणतात, आज सोडतो. आज सोडतो.’’

‘‘मला का नाही सांगितलंस?’’

‘‘घरी?’’ तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, तेच वाईट होतं. ‘‘आपण घरी बोलत नाही ना. मला वाटलं मी टेबलावर सांगितलं तर तू माझं ऐकून कंपनीचा पॅच अडवला असं होईल. लोक म्हणतील नवऱ्याने कानात सांगितलं. तुझं नाव खराब होईल.’’

माझ्या हातात पाण्याची बाटली होती. ती त्याच्या डोक्यात घालावी असं मला खरोखर वाटलं. ‘‘माझं नाव!’’ मी म्हटलं. ‘‘आणि आईंच्या मॉडेमवर पंचा टाकायला नाही ती लिस्ट आडवी आली! तुझी एक आई तू वाचवून राहिला. बाकीच्यांचं काय? त्यांच्या घरी कोण जाऊन राहिलं रोज दुपारी?’’

 आईंचा चिंच निवडणारा हात थांबला होता.

मी कंट्रोल रूमला फोन लावला. ड्युटीवरच्या बाई भल्या होत्या. म्हणाल्या, ‘‘मॅडम, सगळं हिरवं आहे.’’ मी म्हटलं, हिरवं आहे तेच खोटं आहे, माणसं घरोघर पाठवा. त्यांनी वाद घातला नाही. पण माणसं किती, तर बोटांवर मोजण्याइतकी, आणि या उन्हात अकराशे दारं. निघतो म्हणाल्या. रात्रीपर्यंतही पुरं झालं नसतं. आणि भरल्या उन्हात म्हाताऱ्या माणसाचा ताप चढायला लागला की हातात फार वेळ नसतो.

लॅपटॉप उघडून मी फरशीवर बसले. करायचं काय ते सरळ होतं. मॉडेम खबर देत नसेल तर कर्नेलनेच प्रत्येक लिंकवर एक छोटी हाक मारायची आणि उत्तर आलं नाही तर ती झोपली असं धरायचं. मग ती उठवायची आणि पुढे अधूनमधून तिला बोलतं ठेवायचं, म्हणजे पुन्हा झोपणार नाही. मी भराभर लिहीत गेले.

‘‘अशी नाही उठणार ती,’’ प्रज्योत माझ्या खांद्यावरून म्हणाला. ‘‘झोपलेल्या लिंकला हलवून उपयोग नाही. ती मोडून नवीन बांधावी लागते.’’

‘‘मोडते मग.’’

‘‘थांब. नवीन लिंक बांधताना चिप आणखी तापतो. सगळ्या एकदम बांधायला घेतल्या तर मॉडेम पूर्ण बंद पडेल, मग संध्याकाळपर्यंत काहीच नाही. आधी सिनेमा-बिनेमाच्या लिंका बंद कर. त्याला जरा श्वास घेऊ दे. मग पट्टीची एकटीची बांध.’’

मी ओळी बदलल्या. तो खाली माझ्या शेजारी बसला. मी लिहीत होते आणि तो मोठ्याने वाचत होता. एके ठिकाणी त्याने माझं बोट धरून थांबवलं, तिथे मी मॉडेमला विसावा न देताच पुढची लिंक बांधत होते. ती ओळ तशीच गेली असती तर मीच अकराशे घरं बंद पाडली असती. लग्नानंतर पहिल्यांदा आम्ही घरात पॅचविषयी बोलत होतो.

पॅच तयार झाला. आता तो पाठवायचा कसा? करुणानगरातले मॉडेम कुणाचंही ऐकत नाहीत. दोन डिजिटल सह्या लागतात, एक लिहिणाऱ्याची आणि एक तपासणाऱ्याची. हा नियमसुद्धा माझाच. माझ्या विभागात तपासणारा दुसरा माणूस एदुआर्दो, तो ब्राझीलमध्ये, तिथे अजून उजाडायचं होतं. मी त्याला तीनदा फोन केला. आणि तो उठला असता तरी हा चिप त्याने आयुष्यात पाहिलेला नव्हता. माझ्यावर विश्वास ठेवून सही करणं म्हणजे तपासणं नव्हे.

‘‘तुझी सही पाहिजे,’’ मी म्हटलं.

‘‘कंपनीची सही वकिलांशिवाय उघडत नाही.’’

‘‘ती नको. तुझी स्वतःची. कॉलेजातली. ती अजून तपासणाऱ्यांच्या यादीत आहे.’’

 बाहेर कुणाच्या तरी पत्र्याचा तडतड आवाज येत होता. ‘‘ती वापरली तर खाली कारण लिहावं लागेल,’’ तो म्हणाला. ‘‘चिप काय करतो ते. माझ्या नावाने, सगळ्या जगापुढे.’’

‘‘हो.’’

‘‘करारात साफ लिहिलं आहे, उत्पला. नोकरी तर जाईलच. कंपनी कोर्टात खेचेल. यानंतर मला या कामात कोणी दारात उभं करणार नाही. सोळा वर्षं मी दुसरं काही केलं नाही.’’

मला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचा राग आला. हा माणूस वाईट नव्हता. इतक्या दिवसांत त्याला नीट झोप नव्हती, हे मला शेजारी झोपून दिसत होतं. पण स्क्रीनवर अकराशे हिरवे ठिपके होते आणि त्यातला कोणता खरा आणि कोणता खोटा हे जगात कुणालाच माहीत नव्हतं.

‘‘काय म्हणते हा?’’ आईंनी विचारलं.

‘‘आई, तुमच्यासारख्या पट्ट्या आहेत ना सगळ्यांच्या, त्या मुक्या झाल्या आहेत. कुणाला काही झालं तरी कळत नाही. त्यांना बोलतं करायला याची सही पाहिजे.’’

आईंनी पोराकडे पाहिलं. ‘‘मंग कर ना. कायची वाट पाहून राहिला?’’

त्याने लॅपटॉप ओढून घेतला. कारण लिहिलं, पाचच ओळी, कुठेही आडपडदा नाही. खाली पूर्ण नाव घातलं, प्रज्योत सुगंधा मेश्राम, कॉलेजात घालायचा तसं. आणि पाठवलं.

काही क्षण काहीच झालं नाही. मग नकाशावरचे ठिपके राखाडी व्हायला लागले. एका टोकापासून सुरू झालं आणि अख्खी वस्ती राखाडी झाली. एवढ्या सगळ्या लिंका झोपल्या होत्या.  हे उठलेच नाहीत तर? प्रज्योत आवाज न करता ओठ हलवत काहीतरी मोजत होता. आणि मग त्या राखाडीतून एकेक ठिपका हिरवा होऊन वर येऊ लागला. आता ते हिरवं खरं होतं.

पहिला लाल ठिपका आला तेव्हा मला वाटलं तो आमच्याच घरावर आहे. मी झटकन आईंच्या दंडाला हात लावला. दंड ओलसर, गार. मी नकाशा मोठा केला. ठिपका भिंतीच्या पलीकडे होता.

‘‘शेवंता!’’ आई उठल्या, मांडीवरची चिंच सगळी खाली सांडली.

शेवंताबाई वासनिक, आईंच्या शेजारीण. आणि भिंत कसली, वीतभर विटांची. पलीकडे भांडं पडलं तर इकडे ऐकू यायचं. दार आतून लावलेलं होतं. प्रज्योतने खांद्याने धडका मारल्या, कडी निखळली. शेवंताबाई खाटेखाली पडल्या होत्या. अंग चटका बसावा इतकं तापलेलं, आणि घाम अजिबात नाही. पंखा बंद. भिंतीवरचा मॉडेम हात लावता येणार नाही इतका गरम. आम्ही त्यांना ओल्या चादरीत गुंडाळलं. गाडी आली, कारण आता कंट्रोल रूममध्ये ठिपका लाल दिसत होता. त्या दुपारी करुणानगरात एकामागून एक अशा तीसेक गाड्या गेल्या. जवळजवळ सगळी माणसं वाचली.

शेवंताबाई दोन दिवस दवाखान्यात होत्या. शुद्धीवर आल्या नाहीत. त्यांच्या पट्टीने स्वतःच्या आठवणीत साठवलेलं नंतर वाचलं तेव्हा दिसलं की ती बराच वेळ हाका मारत होती. प्रज्योतने आईकडे येऊन पहिला पंचा पिळला असेल त्या सुमारास तिने सुरुवात केली होती.

लिस्टवर मोठं रणकंदन झालं. आता झोपेची खबर देणं सक्तीचं आहे, कंपनीची मर्जी वगैरे काही नाही. त्या जुन्या तडजोडीखाली माझं नाव आहे आणि ते तिथे राहणार. नादरेखाने प्रज्योतला त्याच संध्याकाळी काढलं आणि आठवड्याभरात नोटीस पाठवली. काही लोकांनी त्याला लिस्टवर शूर म्हटलं. त्याने ते मेल उघडलेसुद्धा नाहीत.

शेवंताबाईंचं सगळं आटोपल्यावर आम्ही दोघं आईंकडे गेलो. आईंनी स्वयंपाक करून ठेवला होता, पण ताटं वाढली नव्हती. प्रज्योत दारातच घुटमळला.

‘‘मले वाटलं,’’ आई म्हणाल्या, ‘‘पोराले माय आठवते. रोज दुपारी येते. मी शेवंताले बी सांगितलं. म्हटलं पाय वं, माहा पोरगा उन्हातान्हाचा मले पाह्यले येते. ती म्हणाली, नशीबवान हायेस.’’

‘‘आई...’’

‘‘मले सांगाचं होतं. मी कोणाची नोकर नाही, मले कोणता वकील नाही. मी दारोदार फिरून आली असती.’’ त्यांचा आवाज चढला नाही. ‘‘तिची पोरगी सुनंदा वर्ध्याहून आली हाय. पलीकडेच हाय. जा, तिले सांग. जे माहीत होतं अन् सांगितलं नाही ते सगळं सांग. मंग जेवाले ये.’’

मीही त्याच्याबरोबर जायला उठले. आईंनी माझा हात धरला. ‘‘तू बस. त्याले एकट्याले जाऊ दे.’’

आम्ही बसून राहिलो. पलीकडे दार वाजलं. प्रज्योतचा आवाज आला, शब्द कळत नव्हते, पण तो बराच वेळ एकटाच बोलत होता. मग एक बाईचा आवाज, अगदी थोडा. मग पुन्हा त्याचा, एकच शब्द.

तो परत आला तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. आईंनी ताट वाढलं. त्याने घासाला हात लावला नाही.

‘‘काय म्हणाली सुनंदा?’’ मी विचारलं.

‘‘काही नाही. शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, की माझी आई हाका मारत होती तेव्हा तुम्ही कुठे होते?’’

‘‘मग?’’

त्याने त्या वीतभर भिंतीकडे पाहिलं. ‘‘सांगितलं,’’ तो म्हणाला. ‘‘इथेच.’’